अंगठ्याचं बटण

श्रीपतीनं बाजीरावच्या डाव्या अंगठ्याला पांढरा दोरा बांधला. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक लहानसा नट अडकवून तो मशीनच्या कडेवरून खाली सोडला, आणि नटाचा झोका थांबेपर्यंत गुडघ्यांवर हात टेकून बघत राहिला.

"आता खेळ," तो म्हणाला. "अंगठा हालला की नट हालंल. नट न हालता पंख उडला, तर चूक मशीनची."

"आन् नटबी हालला तर?"

"मग बघू."

बाजीरावनं मान डोलावली. श्रीपतीनं उजवीकडचा खटका ओढून गोळी सोडली.

दाराशी झुंबरबाई झाडत होती. खरं म्हणजे क्लबाची खोली तिनं मघाशीच लख्ख केली होती. पण आज तिचा पाय निघत नव्हता, म्हणून तोच कोपरा ती तिसऱ्यांदा झाडत होती. नवऱ्याच्या अंगठ्याला बांधलेल्या दोऱ्यावरून तिची नजर हटत नव्हती.

लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीतला हा कामगार क्लब म्हणजे एक लांबट खोली, दोन कॅरम, पेपर टाकायचं टेबल, आणि भिंतीशी हे गोळीचं मशीन. कुणा मुंबईच्या शेठनं बंगला विकताना ते देऊन टाकलं होतं. वरच्या काचेवर जहाजाचा गोरा कप्तान दुर्बीण लावून उभा होता, आणि खालच्या काचेआड उतरत्या पटावरून लोखंडी गोळी दिव्यांना आणि रबरी खुंटांना धडका देत खाली यायची. तळाशी बोटाएवढे दोन पंख होते. डाव्या कडेचं बटण दाबलं की डावा पंख उडायचा, उजव्या कडेचं दाबलं की उजवा. गोळीला पंखांनी परत वर भिरकवायचं, दोहोंच्या मधून पडू द्यायचं नाही, एवढाच खेळ. पण त्याला दोन हात लागायचे, आणि बाजीरावला एकच होता.

उजवा हात मनगटापासून गेला त्याला दोन वर्षं झाली होती. घाटात दाट धुक्यात डबे जोडताना ते घडलं. डावा हातही चेपला होता, पण तो वाचला. डॉक्टर म्हणाले होते, नसेला मार लागलाय, आज ठीक आहे, पुढचं पुढं बघू. ते 'पुढचं पुढं' बाजीरावच्या डोक्यात घर करून बसलं. डब्यांच्या जड साखळ्या लीलया फेकणाऱ्या माणसाला हलकं काम म्हणून या क्लबाच्या राखणीला बसवलं, आणि वर्षभर तो स्टुलावर बसून लोकांना कॅरमचा स्ट्रायकर कुठं आहे ते सांगत राहिला. घरी आला की भिंतीकडं बघत जेवायचा. झुंबरबाईनं एकवीरेला नवस बोलायचं काढलं तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं होतं.

"हातासाटी देवाकडं काय मागायचं न्हाई," तो म्हणाला होता. "गेला त्यो गेला. ऱ्हायलाय त्याच्या नावानं कुकू-बिकू करशील तर याद राख."

यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

मग या आषाढात श्रीपती एक दिवस क्लबात आला. हा वराळ्याचा, रेल्वेत सिग्नलचा फिटर. बाजीरावबरोबर एकाच दिवशी नोकरीला लागलेला. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर फार. त्यानं खिशातून एक पितळी बटण काढलं. कुठल्याशा मोडीत निघालेल्या सिग्नल केबिनमधलं, घंटी द्यायचं. मशीनच्या डाव्या कडेवर, हात ठेवला की अंगठा आपोआप जिथं पडतो, नेमकं तिथं भोक पाडून त्यानं ते बसवलं आणि आतून तार ओढून उजव्या पंखाला जोडली. आता एकाच हाताचं बोट डावा पंख उडवणार आणि अंगठा उजवा.

"घे," एवढंच म्हणून तो ड्यूटीवर गेला.

बाजीरावनं काय खेळ उभा केला! डाव्या हातानं उजवीकडचा खटका ओढायचा, आणि गोळी वरून वळसा घालून खाली येईतो तोच हात डाव्या कडेला हजर. घाई कधी दिसायची नाही. गोळी पंखावर झेलून तो ती क्षणभर थोपवून धरायचा, श्वास घ्यायचा, मग हवी तिथं पाठवायचा. खंडाळ्याच्या क्वार्टरांतून माणसं बघायला यायची. रखमाजी ड्रायव्हर, ज्याला आजवर कुणाचं कौतुक करताना ऐकलं नव्हतं, तो एकदा टोपी काढून म्हणाला, "याला दोन हात असतं तर आमी घरीच बसलो असतो की रं." आणि बाजीराव हसला. झुंबरबाई बाहेर नळावर घागर भरत होती. ते हसणं ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं नळ तसाच वाहता सोडला आणि पदर तोंडाला लावून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचा एक नेम सुरू झाला. पहाटे सगळ्यांच्या आधी ती क्लब झाडायला यायची. झाडून झालं की कनवटीची डबी काढायची, तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून आधी हळद आणि मग कुंकू त्या पितळी बटणाला लावायची आणि हात जोडायची. मागायची काहीच नाही, कारण मागायचं नाही असं नवऱ्यानं बजावलं होतं. मग लगेच पदराच्या टोकानं बटण घासूनपुसून लख्ख करायची. नवऱ्याला दिसायला नको, आणि देवाला तर पोचलंच. हे तिनं जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं.

श्रावण सरता सरता बाजीरावचा अंगठा चुकू लागला. त्यानं एकदा दाबावं आणि पंख दोनदा उडावा. कधी अंगठा उचलल्यावर, मनात नसताना उडावा, आणि झेललेली गोळी हातची जावी. गंमत अशी की हे सकाळी व्हायचं, क्लब उघडून तो एकटाच दहा गोळ्या खेळायचा तेव्हा. संध्याकाळी, लोक जमायचे तेव्हा, क्वचित. आणि ते बटण त्याच्याशिवाय कुणी वापरतही नव्हतं, दोन हातवाल्यांना त्याची गरजच काय? तेव्हा दुसऱ्या कुणाचा अंगठा चुकला असं कधी झालंच नाही. बाजीरावनं त्याचा अर्थ लावला. सकाळच्या गारठ्यात नस आखडते. डॉक्टरांचं 'पुढचं' आलं.

त्यानं ते फक्त श्रीपतीला सांगितलं. श्रीपतीनं त्याला समजावलं नाही, धीर दिला नाही. एक वही दिली आणि म्हणाला, रोज दहा गोळ्यांत किती येळा पंख उगाच उडाला त्यो आकडा लिव्ह. सिग्नलच्या खात्यात असंच करतात. तेव्हापासून तो दर दोन-चार दिवसांनी ड्यूटी संपवून संध्याकाळी यायचा, मशीनचं एकेक पोट उघडायचा, तारा, गुंडाळ्या, दिवे तपासायचा आणि काही न सापडता परत जायचा.

आता वेळ उरला नव्हता. मळवलीच्या बाजूच्या एका फाटकावर गेटमनची जागा निघाली होती. एका हातावर जमणारं काम, शेजारी राहायला खोली, आणि मुख्य म्हणजे पुन्हा गाड्यांच्या संगतीत उभं राहायचं. कागद येऊन पडला होता. उद्या दुपारपर्यंत 'हो' किंवा 'नाही' लिहून स्टेशनात द्यायचं होतं, आणि बाजीराव 'नाही' लिहिणार होता.

"फाटकावर घंटी द्यावी लागती," काल रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला होता. "एक ठोका म्हंजे एक अर्थ, दोन म्हंजे दुसरा. माजा अंगठा एकाचं दोन करतोय. मानसं मारायची हायेत का मला?"

झुंबरबाईला त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं होतं. वर्षभर भिंतीकडं बघत जेवलेला हा माणूस, दारात आलेलं काम स्वतःच्या हातानं परत पाठवायला निघाला होता. म्हणूनच श्रीपती आज रजा टाकून पहिल्यांदाच सकाळी आला होता.

गोळी सुटली. बाजीरावनं ती दोनदा वर पाठवली. तिसऱ्यांदा त्यानं ती डाव्या पंखावर झेलली, थोपवली, आणि खुंटांच्या गर्दीत भिरकावली. खाटखाट आवाज झाला, उजवा पंख आपोआप उडाला, गोळी त्याच्या खालून निसटली.

तिघांनीही नटाकडं बघितलं. नट हलत होता. पण अख्खं मशीनच हादरत होतं, तेव्हा त्याच्याबरोबर दोरा हलला की अंगठ्याबरोबर, ते सांगायला ब्रह्मदेवच हवा होता.

"सोड," श्रीपती म्हणाला आणि दोरा सोडला.

मग त्यानं गोळी न सोडता नुसतंच बटण वीस वेळा दाबलं. वीस वेळा पंख उडाला, एकवीस वेळा नाही. मग तो स्वतः खेळायला उभा राहिला. पण श्रीपतीचा खेळ असा, की गोळी वरून निघायची ती सरळ खाली जाऊन पडायची. अशा चार गोळ्या पडल्या. बाजीरावला त्या परिस्थितीतही हसू आलं.

"तू आपला सिग्नलच बघ," तो म्हणाला.

श्रीपतीला काही वाटलं नाही. तो स्टूल ओढून बसला, वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचू लागला. झुंबरबाई झाडू हातात धरून बघत होती. तिला या माणसाचं नवल वाटायचं. आजारी गुरापाशी जाणता माणूस बसतो तसा तो मशीनपाशी बसायचा. ओरडायचा नाही, ठोकायचा नाही, त्यालाच विचारत राहायचा. डाव्या हातानं लिहायला नव्यानं शिकलेल्या बाजीरावचे वाकडेतिकडे आकडे तो बोट फिरवून वाचत होता.

"सात. पाच. सात. सा." त्याचं बोट थांबलं. "हितं शून्य हाय."

"हुता एखांदा दिस चांगला."

"एक न्हाई, चार. लागोपाठ. हरतालिकेपास्नं." त्यानं पानं उलटली. "फुडं परत पाच, सा, सात. आन् हे बघ. घट बसलं त्या दिवसापास्नं परत चार शून्यं." आणखी पानं उलटली. "नरकचतुर्दशीपास्नं चार. बाजीराव, सणावाराला तुजं मशीन लय शानं हुतंय."

"सुट्टी असती. मनाला जरा बरं वाटत असंल. हात ढिला पडत असंल."

"सुट्टीला वर्कशॉप बंद. विजेचा दाब सरळ ऱ्हात असंल," श्रीपती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. मग त्यानं मान हलवली. "पर न्हाई. खंडेनवमीला समदं बंद हुतं. आन् त्या दिवशी अकरा. समद्या वहीत जास्ती."

झुंबरबाईच्या हातातला झाडू हळूच भिंतीला टेकला.

हरतालिकेला ती पूजेला बसली नव्हती. बाजूला होती. घट बसले तेव्हाही. तिच्या घरचा घट शेजारच्या सरुबाईनं येऊन बसवला होता. आणि दिवाळीचे दिवे उंबऱ्यावर बाजीरावनं एका हातानं लावले होते, ती लांब बसून कुठला कुठं ठेवायचा ते सांगत होती. या साली तिच्या अडचणीनं नेमके सणच गाठले होते, म्हणून ती चरफडलीही होती. त्या चार दिवसांत ती क्लब झाडायला यायची, झाडण्याला कुणाची ना नव्हती. पण कुंकवाच्या डबीला शिवायची नाही. आणि खंडेनवमीला, जेव्हा वसाहतीतल्या इंजिनापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, तेव्हा तिनं बटणाला नुसतं बोट टेकवलं नव्हतं. चिमूटभर घेऊन माखलं होतं आणि मग पुसलं होतं.

तिला वायर कळत नव्हती, विजेचा दाब कळत नव्हता. पण हे चार दिवस तिच्याइतके कुणाला कळणार होते?

तिच्या कानशिलांवर रक्त चढलं. ज्या बटणानं नवरा परत दिला त्याला तिनं हात जोडले होते, आणि त्याच हातांनी तिनं नवऱ्याचा हात त्याच्या मनातून उतरवला होता. आता हे सांगायचं कसं? नवऱ्याच्या मित्रापुढं, दिवसाउजेडी, महिन्याच्या चार दिवसांची गोष्ट? आणि नवऱ्यानं बजावलं असताना चोरून केलेल्या पुजेची? पण टेबलावर तो कागद होता आणि त्याच्यावर बाजीरावनं शाईची दौत ठेवली होती.

"भाऊ," ती म्हणाली. "ते बटण उघडा."

श्रीपतीनं वर बघितलं. "कंचं?"

"अंगठ्याचं."

"ते वीस वर्सं केबिनीत हुतं, वहिनी. एकदाबी फेल गेलं न्हाई. म्या माज्या हातानं बसवलंय. समदं उघडलं, तेवढं एक..." तो बोलता बोलता थांबला.

"तेवढं ऱ्हायलंय न्हवं?" झुंबरबाई म्हणाली. "तेच उघडा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" बाजीराव म्हणाला.

"मला काय बी कळत न्हाई. पर उघडा, भाऊ."

श्रीपतीनं तिच्याकडं क्षणभर बघितलं. दुसरा कुणी असता तर का म्हणून विचारलं असतं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला.

बटणाखालची डबी निघाली. श्रीपतीनं काडेपेटीची काडी घेतली, तिच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि आतून फिरवून बाहेर काढला. कापूस लाल झाला होता, कडेला पिवळट. बटणाच्या दांड्याभोवती त्याच रंगाचं ओलसर किटण बसलं होतं. श्रीपतीनं बटण हलकेच दाबून सोडलं. ते वर आलं, पण पुरतं नाही. अर्ध्यावर चिकटून राहिलं. आतल्या दोन पात्या एकमेकींपासून केसाच्या अंतरावर थरथरत होत्या. त्यानं दोन बोटांनी मशीनच्या कडेला टिचकी मारली. पात्या टेकल्या आणि उजवा पंख उडाला.

"बाजीराव, तुजा हात कुटं हाय?"

"खिशात."

"परत बघ."

श्रीपतीनं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं बटण दाबलं, हात मागं घेतला आणि टिचकी मारली. पंख उडाला.

"गोळी खुंटांवर आपटती, मशीन हादरतं, आन् तुज्या पहिल्या दाबण्याचाच दुसरा ठोका पडतो. दुपारपातूर हे वाळतं, मग बटण सुटं हुतं. म्हनून मला सांजचं गावलं न्हाई." एवढं लांबलचक बोलून तो दमल्यासारखा थांबला. "तुजा अंगठा एकदाच दाबतोय. पयल्यापास्नं."

बाजीरावनं खिशातून डावा हात बाहेर काढला. पालथा केला, उताणा केला. अंगठा एकदा दुमडून सरळ केला. झुंबरबाईला वाटलं, आता हा रडणार, पण त्यानं फक्त विचारलं,

"काय हाय ते लाल?"

झुंबरबाईनं जमिनीकडं बघितलं. श्रीपतीनं कापूस नाकाशी नेला. हळदीचा वास लपणारा नव्हता. मग त्यानं मांडीवरच्या वहीकडं बघितलं, त्या चार चार शून्यांकडं, आणि खंडेनवमीच्या अकराकडं. श्रीपतीच्याही घरी बायको होती, आणि महिन्याचे चार दिवस चुलीपुढं तोच बसायचा.

"गंज," तो म्हणाला.

"पितळंला?"

"आतली स्प्रिंग लोखंडाची हाय."

"पिवळा गंज?"

"लोनावळ्याची हवा. हितं काय बी गंजतं." श्रीपतीनं कापूस चिमटीत चुरगाळून खिशात टाकला. "चूक माजी हाय. केबिनीत ह्या बटणावर कातड्याची टोपी असती, आत काय जाऊ नये म्हनून. म्या ती घातलीच न्हाई. म्हनलं, क्लबात कुटलं काय जातंय."

आणि त्यानं वही उघडली. आजच्या तारखेपुढं, जिथं कारण लिहितात तिथं, सावकाश लिहिलं: फिटरची चूक, बटणाला टोपी घातली नव्हती. खाली सही केली. सिग्नल खात्यात असं कुणी आपण होऊन लिहीत नाही. ज्याच्या नावावर अठरा वर्षांत एकही चूक नव्हती, अशी ज्याची वसाहतीत ख्याती, तो श्रीपती एका गोळीच्या मशीनपायी आपल्या हातानं ती लिहून मोकळा झाला. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं, पण त्यानं मोठ्यानं म्हणत लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांपुढची फरशी धुरकट झाली.

बाजीराव बराच वेळ त्या वहीकडं बघत होता. मग त्यानं उजव्या बाहीच्या मोकळ्या टोकानं आपला अंगठा हळूच पुसला.

"व्हय," तो म्हणाला. "गंजच असंल."

पुढचा अर्धा तास श्रीपतीनं स्पिरिटनं पात्या पुसल्या आणि जुन्या बुटाच्या जिभेचं कातडं गोल कापून दांड्यावर घट्ट टोपी बसवली. मग बाजीराव खेळला. दहा गोळ्या. शेवटची तर त्यानं इतका वेळ जिवंत ठेवली की रस्त्यानं चाललेला पाववालाही दारात टोपली टेकवून उभा राहिला. पंख एकदाही उगाच उडाला नाही. श्रीपतीनं वहीत शून्य लिहिलं. बाजीरावनं दौत बाजूला सरकवली, कागदावर डाव्या हातानं 'हो' लिहिलं, आणि उद्याची वाट न बघता तसाच स्टेशनाकडं चालू लागला.

तो वळणापलीकडं गेल्यावर झुंबरबाई पुढं आली.

"भाऊ, त्यो गंज न्हवता."

"मला ठाव हाय."

"त्यास्नी सांगू नगा."

"काय सांगायचं? वहीत लिवलंय की."

तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण श्रीपती हत्यारांच्या पिशवीत काहीतरी शोधत होता. त्यानं रुपयाएवढी एक पितळी चकती काढली, कानशीनं तिच्या कडा मऊ केल्या, आणि बटणापासून वीतभर लांब, मशीनच्या लाकडी कडेवर एका स्क्रूनं ती पक्की बसवली. मग बोटानं तिच्यावर टकटक केलं.

"हिच्याखाली काय न्हाई," तो मशीनकडं बघत म्हणाला. "ना तार, ना कॉन्टॅक्ट. नुसतं लाकूड. हिच्यावर काय बी सांडलं तरी चालतं. पुसायचीबी गरज न्हाई."

पिशवी खांद्याला लावून तो निघाला. झुंबरबाईला त्या काळ्या तेलकट बोटांना हात जोडावेसे वाटले, पण तेवढ्यात तो पायऱ्या उतरला होता. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती चकतीला हळदकुंकू लावू लागली. थोडं बिचकतच, कारण आता पुसायचं नव्हतं आणि ते दिवसभर तसंच दिसायचं. बाजीरावला फाटकावर दुपारची पाळी मिळाली, आणि नवा राखणदार येईपर्यंत सकाळी क्लब तोच उघडत होता. दहा गोळ्या खेळायचा, आकडा लिहायचा. शून्य, शून्य, शून्य. कुंकवाकडं त्याची नजर जाते की नाही, हे तिला कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

कार्तिक सरत आला तशी एके सकाळी ती पुन्हा बाजूला झाली. स्वयंपाक बाजीरावनं केला, भाकरी जाड झाली, कुणी तक्रार केली नाही. ती झाडायला म्हणून क्लबात आली. आज उशीर झाला होता, दार आधीच उघडं होतं आणि बाहेर नळावर बाजीराव हात धूत होता. एका हातानं तोच हात धुवायचा म्हणजे वेळ लागतो. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, ती सरळ आत गेली. चार दिवस चकती कोरडी राहणार म्हणून तिला चुटपुट लागली होती.

चकती कोरडी नव्हती.

खाली हळद होती आणि तिच्यावर कुंकू, अजून ओलं. बायका लावतात तशी बोटाची टिकली नव्हती ती. रुंद ठसा होता, अंगठ्याचा, मधल्या रेघा मोजता याव्यात इतका स्वच्छ. झुंबरबाई शिवायचं नाही म्हणून हात पाठीशी धरून, खाली वाकून तो बघत राहिली. कुठं फरकटा नव्हता, कडेला कुंकू सांडलं नव्हतं. अंगठा एकदाच टेकला होता, टेकवायचा होता तिथंच.